आकडीच्या मागं शेळ्या

कुंपण गुरुवारी संध्याकाळी पुरं झालं. शुक्रवारी सकाळी जोविता चुलत्यांच्या माडांच्या वाडीत आली तेव्हा सतराच्या सतरा शेळ्या कुंपणाच्या आत होत्या. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणं होतं. फक्त एकेक शेळी एकेका माडाला बांधलेली होती.

जोविता फाटकातच थबकली. तिच्या पाठीवरच्या झोळीतून सात महिन्यांची पिलिंग मान बाहेर काढून बघत होती आणि ओठांनी भुर्र करत आईच्या मानेवर थुंकी उडवत होती.

तीन आठवडे सहा बायका राबल्या होत्या. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडून आणल्या, हातहातभर अंतरावर रोवल्या, मधून बांबूच्या कामट्या ओवल्या. माडांखालच्या जागेचे मधे कूड घालून सहा भाग पाडले. कुंपणाबाहेर जिथं ऊन तिरपं येतं तिथं आल्याचे वाफे केले, ओलसर अंगाला अळू लावलं. शेळ्यांनी एका भागातलं गवत खायचं, मग पुढच्या भागात जायचं. मागं राहिलेल्या लेंड्या आल्याला आणि अळवाला. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर शेळी मोकळी चरावी म्हणून. आणि या बायांनी शेळ्या आत आणून पुन्हा बांधल्या होत्या!

"मानाय बासियोन!" जोवितानं हाक मारली.

बासियोन पन्नाशीची, बुटकी, कमरेला कायम कोयता. गावातल्या सगळ्या धाकट्या बायकांची ती मानाय, म्हणजे थोरली बहीण, आणि त्या सगळ्या तिच्या नेने, म्हणजे धाकट्या. ती एका शेळीच्या दोराची गाठ तपासत होती. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"ओरडू नको ग नेने. शेळ्या बुजतात."

"बुजून जातील कुठं? बांधल्यात की!"

"तेच तर. बांधल्यात म्हणून बुजल्या तरी चालतं."

पलीकडं गवत कापणाऱ्या दोघी फिसकन हसल्या. जोवितालाही हसू आलं, पण ते तिनं गिळलं. सोमवार तीन दिवसांवर आला होता. सोमवारी कृषी कचेरीतल्या मोठ्या बाई, मॅडम अर्सेनिया, डोंगराकडच्या अकरा गावांतली माणसं घेऊन ही वाडी बघायला येणार होत्या. वाडी चालती दिसली तर त्या अकरा गावांचं शिक्षण इथंच, याच माडांखाली होणार होतं, आणि जोविताच्या हातून. नाही दिसली तर ते नदीपलीकडच्या गावाला जाणार आणि जोविता परत कचेरीच्या रोपवाटिकेत. चार वर्षं तिनं तिथं पिशव्यांत माती भरली होती. मातीशी तिचं वाकडं नव्हतं, पण तिला बोलता येत होतं, शिकवता येत होतं, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

ती सरळ जवळच्या शेळीकडं गेली आणि तिनं दोर सोडला.

बासियोन आली आणि तिनं तो बांधला.

जोवितानं पुन्हा सोडला. बासियोननं पुन्हा बांधला. शेळी मधल्या मधे दोघींकडं आळीपाळीनं बघत रवंथ करत राहिली.

"मानाय, तीन आठवडे मी काय शिकवलं?"

"गवत, लेंड्या, कुंपण, जंत. सगळं पाठ आहे. म्हणून दाखवू? शेळीला रोज त्याच जागी चारलं तर तिचेच जंत तिच्याच पोटात परत जातात. गवताला वाढायला दम द्यावा लागतो. बांधलेली शेळी पायाखालचं तुडवते आणि लांबचं बघत बसते."

"मग?"

"मग काय? बरोबरच आहे ते."

"मग सोडत का नाहीस?"

बासियोन आभाळाकडं बघत म्हणाली, "पाऊस येईलसं वाटतंय." दुसरी म्हणाली, आमची तांबडी लाजाळू आहे. तिसरी म्हणाली, आमची उडी मारते. शेळी उडी मारते म्हणणाऱ्या बाईची शेळी इतकी म्हातारी होती की ती बसतानासुद्धा विचार करून बसायची.

जोविताला कळलं की हे खरं कारण नाही. पिलिंग भुकेली असली की डोळे चोळायची आणि झोप आली की रडायची. तिच्यापायी जोविता एवढं शिकली होती, की समोरचं माणूस जे दाखवतं त्याच्या पलीकडं काहीतरी असतं आणि ते ओरडून मिळत नाही. ती म्हणाली, "बरं, जेवून घेऊ."

जेवण वाडीतच. भात, आणि नारळाच्या दाट रसात शिजवलेली अळवाची पानं, वर लाल मिरच्या. बासियोनच्या हातचं अळू घशाला कधी खाजायचं नाही. जोवितानं पिलिंगला मांडीवर घेतलं आणि भाताचं शीत बोटानं मऊ करून भरवलं. बोलणं पोरींची लग्नं, कोणाचा नवरा मनिलाहून आला, कोणाचा नाही, असं फिरत फिरत राहिलं. शेळ्यांचं नाव जोवितानं काढलं नाही. ते बासियोननंच काढलं, ताट धुताना.

"माझी मावशी होती, तिया लोरिंग. तू नाही बघितलीस. अर्धेलीनं शेळी पाळायची, आमच्यासारखीच. पहिलं करडू मालकिणीचं, दुसरं तिचं. एक दिवस शेळी तिनं मोकळी सोडली, पाच मिनिटं, पाणी आणायला. वरून नारळ आला. शेळी तिथंच गेली."

"अरे देवा."

"शेळी आजारानं मेली तर नुकसान दोघींचं. पण ही बेपर्वाईनं मेली, असं ठरलं. बांधली असती तर मेली नसती ना! बांधताना आपण वर बघून बांधतो, वांझ माडाला बांधतो. मावशीनं मग दोन वर्षं मालकिणीची दुसरी शेळी पाळली आणि दोन्ही करडं भरपाई म्हणून तिलाच देऊन टाकली." बासियोननं ताट उलटं घातलं. "बेपर्वाई हा शब्द कोणी उच्चारला की अजून माझा हात दोराच्या गाठीकडं जातो बघ."

गवत कापणारी एक म्हणाली, "दोर असला की बोलायला जागा राहते, नेने. दोर नसला की सगळं आपल्या अंगावर."

जोवितानं आपलं ताट धुवायला घेतलं. तिच्या आईनंही अर्धेलीनं शेळी पाळली होती. लहानपणी शाळेतून आल्यावर दोर हलवून दुसऱ्या माडाला बांधणं हे जोविताचंच काम होतं, आणि वर बघून बांध हे वाक्य तिनं हजारदा ऐकलं होतं. आता कचेरीची पुस्तिका हातात आली तर ते सगळं कुठं गेलं? तिनं गवताचा विचार केला, लेंड्यांचा केला, कुंपणाच्या उंचीचा केला. शेळी कोणाची, हे विचारलंच नाही. ज्यांच्या हातात दोर आहे त्यांना तिनं शिकवलं, आणि जिच्या शेळ्या आहेत तिला बोलावलंसुद्धा नाही.

"सतराही माएस्त्राच्याच ना?" तिनं विचारलं.

"सतराही."

"मग मी तिकडंच जाते."

"आत्ता? तिची दुपारची झोप असते!"

"उठेल," जोविता म्हणाली आणि पिलिंगला पुन्हा पाठीवर बांधलं.

माएस्त्रा म्हणजे मास्तरीणबाई. माएस्त्रा एन्कार्नासियोननं गावातल्या तीन पिढ्यांना पाढे शिकवले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तिच्या ओसरीवर लोक चप्पल काढून, केस सारखे करून चढत. ती झोपली नव्हती. वेताच्या खुर्चीत बसून पिलीच्या झाडाच्या बदामासारख्या लांबट बिया फोडत होती.

"ये जोविता. पोरीच्या कानाला टोपी का नाही? वारा आहे."

"विसरले, माएस्त्रा."

"पाचवीतही विसरायचीस."

जोवितानं सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. चूक माझी, तुम्हाला आधी बोलवायला हवं होतं, हेही सांगितलं. माएस्त्रा ऐकत राहिली. बी फोडून गर बाजूला, टरफल बाजूला.

"म्हणजे माझ्या शेळ्या नारळाखाली मोकळ्या सोडायच्या, आणि मी त्याला हो म्हणायचं."

"हो."

"शाळेत असताना आईच्या निरोपाशिवाय एकही पोर मी फाटकाबाहेर सोडलं नाही."

"म्हणूनच आईकडं आले निरोप मागायला."

माएस्त्राच्या ओठांची एक कड हलली. पण ती कधी लगेच हसायची नाही. "तुझं तोंड पहिल्यापासून चांगलं. आता उत्तर दे. नारळ कधी पडतो?"

"पिकल्यावर."

"ते पहिलीतलं पोरही सांगेल. कुठल्या दिवशी पडतो? कुठल्या माडाखाली शेळी सोडली तर पडणार नाही?"

जोवितानं मनातल्या मनात पुस्तिका चाळली. पुस्तिकेत लिहिलं होतं, दर पाच दिवसांनी भाग बदला. ते गवत बघून लिहिलेलं होतं. नारळाचं त्यात काहीच नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत माहीत असेल."

"कसं?"

"ज्याला माहीत आहे त्याला विचारीन."

माएस्त्रानं पहिल्यांदा हातातली बी खाली ठेवली. "उद्या सात वाजता मी वाडीत येते. उत्तर असलं तर ऐकीन. नसलं तर माझ्या शेळ्या बांधलेल्या राहतील आणि तू त्या पोरींना पुन्हा त्रास द्यायचा नाहीस. आणि हे घे." तिनं पिलीच्या गरांची मूठ जोविताच्या हातात दिली. "दूध पाजतेस ना, खात जा काहीतरी."

ज्याला माहीत होतं तो गाविनो, सगळ्या गावाचा तियो, म्हणजे काका. साठीचा पाडेली. लांब बांबूच्या टोकाला वाकडं पातं लावलेली आकडी घेऊन तो जमिनीवरूनच चाळीस हात उंचीचा घड उतरवायचा. जोविता गेली तेव्हा तो अंगणात बसून पात्याला धार लावत होता आणि त्याच्या खांद्यावर त्याच्या बायकोनं तेलात भिजवलेलं आल्याचं पान थापलं होतं.

"तियो, नारळ कधी पडतो?"

"कोणाच्या डोक्यावर पाडायचाय? नवऱ्याच्या?"

"तो दुबईत आहे. तिथपर्यंत पोचायचा नाही."

गाविनो खो खो हसला आणि खांदा धरून कण्हला. मग जोवितानं विचारलेलं त्यानं नीट मनावर घेतलं. पातं बाजूला ठेवलं.

"ऐक. माझी आकडी ज्या माडाखालून गेली, त्या माडावर पिकलेला नारळ राहिला तर मी आकडी मोडून चुलीत घालीन. सुकी झावळीसुद्धा मी वर ठेवत नाही. पुढचा घड पिकायला महिना-दीड महिना जातो. म्हणून तर मी पंचेचाळीस दिवसांनी येतो. मी गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्या माडाखाली तू पोरीला चटईवर झोपव खुशाल."

"पोरीला नाही झोपवणार."

"मीही नसती झोपवली. पण शेळी झोपव."

जोविता अंगणातल्या मातीत बसली. काडी घेऊन तिनं वाडी काढली, सहा चौकोन. "तियो, तुम्ही सगळी वाडी एकदम पाडता ना? दोन दिवसांत?"

"तुझ्या चुलत्यांना घाई. खोबरं वाळवायची भट्टी एकदा पेटवली की भरून पाहिजे. दोन दिवस मान वर, मग आठ दिवस हा असा खांदा."

"आणि आठवड्याला एक भाग पाडला तर? सहा आठवड्यांत सहा भाग?"

गाविनोनं चौकोनांकडं बघितलं. बोटांवर मोजलं. "बेचाळीस दिवस झाले. तीन राहतात."

"ते पावसाचे."

"एक पावसाचा, दोन माझ्या अंगदुखीचे." त्यानं तिच्या हातातली काडी घेतली आणि पहिल्या चौकोनात एक रेघ ओढली. "आज मी इथं. उद्या शेळ्या इथं. पुढच्या आठवड्यात मी पुढं, त्या माझ्या मागं. गवत खाल्लेलं असलं की राहून गेलेले नारळ शोधायलाही सोपं. गेल्या खेपेला गवतात किती राहिले ठाऊक आहे? कोंब फुटल्यावर सापडले." तो थांबला. "भट्टी लहान पेटवू. चुलत्यांना मी सांगतो. माझं ऐकतील, नाही ऐकलं तर स्वतः पाडतील."

"उद्या पहाटे पहिला भाग पाडाल?"

"खांदा दुखतोय ग."

"तियो."

"पाचला येतो," गाविनो म्हणाला.

सकाळी सातला माएस्त्रा आली, डोक्यावर छत्री, हातात रुमाल. शेळ्या बांधलेल्या होत्या त्याच पहिल्या भागातले माड, शेळ्या तेवढ्यापुरत्या बाजूला नेऊन, उतरवून झाले होते. नारळ एका बाजूला रचलेले, झावळ्या ओढून कुंपणाला लावलेल्या. गाविनो घामाघूम होऊन बुंध्याला टेकला होता. सहा बायका उभ्या राहिल्या, अगदी वर्गात उभ्या राहतात तशा. माएस्त्रा त्यांच्या ओळीत जाऊन, त्यांच्याच बसण्याच्या एका ओंडक्यावर बसली.

"शिकव," ती जोविताला म्हणाली.

जोवितानं शिकवलं. पंधरा मिनिटं. आधी आकडी, मागं शेळ्या, त्यांच्या मागं लेंड्या गोळा करणाऱ्या बायका, आणि लेंड्या आल्या-अळवाच्या वाफ्यांत. पुस्तिकेतले पाच दिवस तिनं त्यांच्यासमोर खोडले आणि सात लिहिले. पिलिंग बासियोनच्या कडेवर होती आणि तिच्या कोयत्याच्या मुठीसाठी हट्ट करत होती.

माएस्त्रानं वर बघितलं. एकेका माडाचा शेंडा बघितला, घाई न करता. मग गाविनोकडं बघितलं. "राहिलाय का एखादा?"

"तुम्ही मला तिसरीत तीनदा नापास केलंत, माएस्त्रा. नारळात नाही करायच्या."

बायका हसल्या. माएस्त्रा उठली. तिनं रुमालानं हात पुसले आणि वर्गात बोलायची त्याच आवाजात बोलली, म्हणजे रस्त्यावरचं माणूस थांबून ऐकेल अशा. "गाविनोची आकडी गेलेल्या भागात शेळी मोकळी चरेल ती माझ्या सांगण्यावरून. तिथं तिला काही झालं तर ते आजारानं झालं असं धरायचं. पाळणारीकडं बोट दाखवायचं नाही. माझ्या मागं माझी मुलंही दाखवणार नाहीत, त्यांना मी आज रात्री फोन करते. ऐकलंत सगळ्यांनी?"

"हो, माएस्त्रा," सहाही जणी एका सुरात म्हणाल्या.

मग ती बासियोनच्या काळ्या शेळीपाशी गेली आणि गाठ सोडायला वाकली. गाठ काही सुटेना.

"हे काय बांधलंयस, सालवासियोन?" तिनं बासियोनला पूर्ण नावानं विचारलं. "शेळी की जहाज?"

"तुमची शेळी, माएस्त्रा. म्हणून घट्ट."

माएस्त्रानं नखानं, मग दातानं, शेवटी बासियोनच्या कोयत्याच्या टोकानं गाठ सोडली. दोर गळून पडला. बाकीच्या सोळांचे दोर त्या त्या बायकांनी सोडले. आणि सगळ्या मागं सरकून उभ्या राहिल्या.

एकही शेळी हलली नाही.

प्रत्येक आपापल्या माडाभोवती, तेवढ्याच गोलात, जेवढा दोर असायचा तेवढ्याच अंतरात चरत राहिली. गोलाच्या आत गवत खुरटलेलं, बाहेर कमरेएवढं हिरवंगार. काळीनं मान लांब केली, पलीकडच्या गवताला ओठ पोचवायचा प्रयत्न केला, आणि नेहमीच्या जागी थांबली. जिथं हिसका बसतो तिथं. जोविताला तिला ढकलावंसं वाटलं, पण तिनं हात मागं बांधून घेतले.

काळीनं पुन्हा मान ताणली. हिसका आला नाही. तिनं एक पाय पुढं टाकला, आणि ज्याच्यावर जोर द्यायचा तो दोरच नसल्यामुळं तोल जाऊन गुडघ्यावर आली. उठली. कान झटकले. मग जी गवतात घुसली ती दिसेनाशीच झाली. नुसतं गवत हलत होतं आणि कचाकचा आवाज येत होता.

"गेली," बासियोन म्हणाली, अगदी हळू. तिनं पिलिंगला जवळ घेऊन तिच्या टोपीत तोंड खुपसलं. आज टोपी होती.

दुपारपर्यंत सतराही शेळ्या त्या भागभर पांगल्या. लाजाळू तांबडी सगळ्यात पुढं होती.

सोमवारी मॅडम अर्सेनिया दोन जीपगाड्या भरून माणसं घेऊन आल्या. जोवितानं त्यांना फाटक दाखवलं, सहा भाग दाखवले, गाविनोची आकडी दाखवली. माणसं डोंगराकडची, तोंडानं हो म्हणत होती आणि डोळ्यांनी नाही. एवढ्यात पिलिंग डोळे चोळायला लागली. जोवितानं मॅडमकडं बघितलं, मॅडम म्हणाल्या, "पाज, पाज, आम्ही बघतो," आणि जोविता नारळ उतरवलेल्या एका माडाला पाठ टेकून बसली आणि पदरासारखी ओढणी पुढं घेऊन पाजायला लागली.

एका रापलेल्या माणसानं विचारलं, "आणि नारळ पडला शेळीवर, तर?"

जोवितानं मान वर केली. पण बासियोन आधीच पुढं झाली होती.

"आधी तू सांग. तुझी शेळी तुझी आहे का?"

"माझी नाही. अर्धेलीची."

"मालक आलाय का तुझ्याबरोबर?"

"तो कशाला येईल?"

"कोणाकोणाचे मालक आलेत?" बासियोननं सगळ्यांकडं बघून विचारलं. कोणीच हात वर केला नाही. "मग आज नुसतं बघा आणि जेवून जा. अळू केलंय. पुढच्या खेपेला मालकांना घेऊन या, त्यांना त्या ओंडक्यावर बसवा, मग मी सांगते नारळ पडला तर काय ते." आणि मग, न राहवून, तिनं सगळंच सांगितलं; पाडेली, आकडी, सात दिवस, माएस्त्राचा शब्द, गुडघ्यावर आलेली काळी. जोविताला आपण सांगितलेलं आठवत होतं त्याहून ते बरंच चांगलं सांगितलं जात होतं. मधे तिनं एक खोटंही घातलं, की आपण पहिल्या दिवशीच शेळ्या सोडायला हो म्हटलं होतं. रापलेला माणूस आता डोळ्यांनीही ऐकत होता.

मॅडम अर्सेनिया जोविताजवळ येऊन उकिडव्या बसल्या. "हे पुस्तिकेत नाही."

"नाही, मॅडम. घालायला हवं."

"लिहून दे. अकरा गावं आहेत. पहिली तुकडी कधी घेशील?"

"तियो गाविनो तिसरा भाग पाडेल तेव्हा. दोन आठवड्यांनी. पण मालकांची नावं आधी लागतील, आणि मानाय बासियोनला माझ्याबरोबर शिकवायला घ्यावं लागेल. रोजावर."

"तिला लिहितावाचता येतं?"

जोवितानं बासियोनकडं बघितलं. ती त्या माणसाला गुडघ्यावर बसवून शेळीनं मान कशी ताणली ते करून दाखवायला लावत होती, आणि तो करत होता.

"येत नाही," जोविता म्हणाली आणि पिलिंगला दुसऱ्या बाजूला घेतलं. "पण बघा ना."